पडलेला खटका काय सांगतो?

(घरच्या विद्युत्-मोटारीच्या चार्जरमधील अतिप्रवाहाचा बिघाड : ट्रस्टच्या महोत्सवी सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या या सभेत आम्ही काही उपयोगाचे बोलावे अशी चिटणिसांनी इच्छा दर्शविली आणि विषय निवडण्याचे काम आमच्यावरच सोपविले. आम्ही शाळेत विज्ञान शिकवितो. त्यामुळे विजेच्या उपकरणांविषयीच्या शंका घेऊन सभासद बंधू आमच्याकडे येतात. पूर्वी या शंका पंपाच्या वा फ्रिजच्या असत. अलीकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "सर, रात्री गाडी चार्जिंगला लावतो आणि सकाळी पाहावे तर एम.सी.बी. पडलेली. गाडी निम्मीच भरलेली. आता काय करावे?"

या प्रश्नाला गल्लीत बहुधा एकच उत्तर मिळते, "मोठी एम.सी.बी. बसवा, म्हणजे कटकट मिटेल." कटकट मिटते हे खरे, पण तिच्याबरोबर घराचे संरक्षणही मिटते. खटका का पडतो, तो काय सांगत असतो, आणि त्याचे म्हणणे समजून घेऊन बिघाड कसा शोधावा, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम ज्याला आपण चार्जर म्हणतो ती वस्तू काय आहे ते पाहू. भिंतीवर जी पेटी बसवितात ती मोटारीचा खरा चार्जर नव्हे. घरात येणारी वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे ए.सी. असते, बॅटरीला लागते ती एकाच दिशेने वाहणारी, डी.सी. हे रूपांतर करणारे यंत्र मोटारीच्या पोटातच असते. भिंतीवरची पेटी ही देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखी आहे. ती दार उघडते, दार बंद करते, आणि आत किती प्रवाह घ्यावयाचा ते मोटारीला बजावते. हे बजावण्याची रीत मोठी चतुराईची आहे. मोटारीकडे जाणाऱ्या जाड केबलमध्ये निरोपाची एक निराळी तार असते. तिच्यातून सेकंदाला १००० वेळा चढउतार करणारा संकेत जातो. त्यात चढाचा वाटा शेकडा किती, हे पाहून मोटार आपली मर्यादा ठरविते. या शेकड्याला ०.६ ने गुणले की अँपिअर निघतात. म्हणजे शेकडा २६.७ असेल तर १६ अँपिअर, आणि शेकडा ५३.३ असेल तर ३२ अँपिअर. मोटारीने या मर्यादेपेक्षा अधिक ओढले असे पेटीला दिसले, की ती आपण होऊन दार बंद करते व तांबडा दिवा लावते. दुचाकीच्या साध्या चार्जरमध्ये असा निरोप नसतो. तेथे ठोकळ्यासारखा चार्जर बाहेरच असतो व त्याची मर्यादा त्याच्या बांधणीतच ठरलेली असते.

आता प्रवाहाचे आकडे घेऊ. आपल्याकडे घरगुती दाब २३० व्होल्ट. दुचाकीचा घरगुती चार्जर साधारण ३ ते ४ अँपिअर घेतो. मोटारीबरोबर जो तीन पिनांचा, हातात नेण्याजोगा संच मिळतो तो ३.३ किलोवॉटचा असला तर १४ अँपिअरहून थोडे अधिक घेतो. भिंतीवरची ७.४ किलोवॉटची पेटी ३२ अँपिअर घेते. तीन फेजच्या ११ किलोवॉटच्या पेटीत तोच भार तिन्ही फेजवर १६-१६ अँपिअर असा वाटला जातो.

कोणी म्हणेल, १४ अँपिअर म्हणजे काय मोठे? आमचा गिझर ९ अँपिअर घेतोच की! पण गिझर हा घटकाभराचा पाहुणा आहे. पाणी तापले की तो बंद होतो, तारा निवतात. मोटार ही बिऱ्हाड करून राहणारी भाडेकरीण. ती सहा-सहा, आठ-आठ तास तेवढाच प्रवाह अखंड घेते, आणि तेही घरची माणसे झोपली असताना. ज्या तारेला पंधरा मिनिटांचा भार सोसतो तिला आठ तासांचा सोसेलच असे नाही.

तारेत उष्णता किती निर्माण होते याचा नियम जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केला. उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. एक उदाहरण घ्या. प्लगच्या किंवा बोर्डाच्या एखाद्या सैल स्क्रूपाशी एक दशांश ओहम इतकाच विरोध आहे. दुचाकीचे ४ अँपिअर तेथून गेले तर दीड वॉटच्या आसपास उष्णता होईल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. १५ अँपिअर गेले तर साडेबावीस वॉट. ३२ अँपिअर गेले तर १०२ वॉट. जुन्या १०० वॉटच्या पिवळ्या बल्बला हात लावून ज्यांनी चटका घेतला आहे, त्यांनी तेवढी उष्णता भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या डबीत, एका स्क्रूच्या टोकाशी रात्रभर कोंडली आहे अशी कल्पना करावी.

या उष्णतेपासून रक्षण करण्यासाठी खटका असतो. पूर्वी त्या जागी फ्यूजची तार असे. ती वितळून मार्ग तोडी. आज ज्याला एम.सी.बी. म्हणतात त्या छोट्या खटक्याचे पेटंट जर्मनीतील मानहाइम येथील हूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यातून १९२४ साली निघाले. त्याच्या पोटात दोन इंद्रिये आहेत. एक, दोन धातूंची जोडपट्टी. ती तापून हळूहळू वाकते व थोड्या जादा भारावर, वेळ घेऊन, खटका पाडते. दुसरे, तारेचे वेटोळे; शॉर्ट सर्किटसारखा एकदम मोठा प्रवाह आला तर ते निमिषात खटका पाडते. प्रमाणानुसार, खटक्यावर लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहावर तो तासभर पडू नये, आणि १.४५ पट प्रवाहावर तासाच्या आत पडलाच पाहिजे. वेटोळ्याची मर्यादा ‘बी’ जातीच्या खटक्यात ३ ते ५ पट व ‘सी’ जातीत ५ ते १० पट असते. हे आकडे ३० अंश उष्णतामानाचे आहेत. पत्र्याखालच्या बंद बोर्डात, वैशाखात, तो खटका याहून कमी प्रवाहावर पडतो.

यातून ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही, की खटका मोटारीसाठी नसतो; तो भिंतीतल्या तारेसाठी असतो. तार जेवढे सोसेल तेवढाच त्याचा आकडा असावा लागतो. तार तीच ठेवून खटका मोठा केला, तर खटक्यापेक्षा तारच अगोदर जळेल.

आता प्रत्यक्ष शोध. खटका पडला की तो लगेच उचलण्याची घाई करू नये. आपल्या मनाला तीन प्रश्न विचारावेत व उत्तरे कागदावर लिहावीत : कोणता खटका पडला? केव्हा पडला? त्या वेळी घरात आणखी काय चालू होते?

पहिला प्रश्न, कोणता? बोर्डात ज्याच्यावर ‘टी’ अक्षराचे छोटे बटण असते व ३० मिलिअँपिअर असे लिहिलेले असते तो आर.सी.सी.बी.; जुने लोक त्याला ई.एल.सी.बी. म्हणतात. तो पडला असेल तर तक्रार जादा प्रवाहाची नाही, गळतीची आहे. प्रवाहाचा काही भाग ओलाव्यातून वा फाटक्या वेष्टनातून जमिनीकडे जात आहे. आपल्या बेळगावचा पावसाळा सर्वांस ठाऊकच आहे. उघड्यावर टांगलेल्या चार्जिंगच्या गनमध्ये पाणी शिरले की हा खटका पडतो. माणसाचा जीव वाचविणारा खटका तो हाच. त्याला वगळून जोडणी कधीही करू नये. साधी एम.सी.बी. पडली असेल तर भार, शॉर्ट वा उष्णता यांचा शोध घ्यावा. दोन्ही खटके जागेवर आहेत आणि फक्त पेटीचा तांबडा दिवा लागला आहे, तर तक्रार पेटीची आहे. तो दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून माहितीपुस्तिकेत अर्थ पाहावा. काही पेट्यांचा खटका दोन्ही कामे एकत्र करतो. तेथे कारण कोणते हे नुसते पाहून कळत नाही, आणि दुसऱ्या प्रश्नाकडे जावे लागते.

दुसरा प्रश्न, केव्हा? मोटार जोडलेलीच नसता खटका उचलताच पडत असेल, तर दोष भिंतीतल्या तारेत किंवा पेटीत. मोटार जोडताच पडत असेल, तर केबल, गन किंवा मोटारीतले यंत्र. तीच मोटार दुसऱ्या ठिकाणच्या चार्जरवर लावून पाहिली की दोष कोणाचा ते उघड होते. गेलेली वीज परत येताच पडत असेल, तर कारण निराळे. आपल्यापैकी शहापूर-वडगावकडील मंडळींच्या घरी यंत्रमाग आहेत. माग सुरू होताना मोटर क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, हे त्यांना सांगावयास नको. वीज परत आली की फ्रिज, पंप, चार्जर सारे एकदम जागे होतात, आणि ‘बी’ जातीचा खटका तो झटका सहन करीत नाही. तेथे तज्ज्ञाच्या सल्ल्याने त्याच अँपिअरचा ‘सी’ जातीचा खटका लावतात. हा बदल जातीचा आहे, आकड्याचा नव्हे, हे विसरू नये.

सर्वांत अधिक तक्रारी मात्र वीस मिनिटांनी, तासाने, दोन तासांनी पडणाऱ्या खटक्याच्या असतात. हे जोडपट्टीचे काम. याची कारणे दोन : एक तर प्रवाह खरोखरच जादा आहे, किंवा प्रवाह योग्य असूनही खटका बाहेरच्या उष्णतेने तापत आहे. यांतले कोणते, हे क्लँप मीटर सांगतो. हा चिमट्यासारखा मीटर वायरमन फेजच्या एकट्या तारेभोवती धरतो. तार तोडावी लागत नाही. मीटर १४ अँपिअर दाखवीत आहे आणि १६ अँपिअरचा खटका तरीही पडतो, तर खटक्याचा स्क्रू सैल आहे, शेजारचे खटके त्याला तापवीत आहेत, किंवा खटका जुना होऊन दुबळा झाला आहे. ३२ अँपिअरच्या पेटीला ३२ अँपिअरचाच खटका दिला असेल तर बंद बोर्डात असेच होते. तेथे ४० चा खटका देतात, पण त्याबरोबर ४० अँपिअर सोसणारी तारही देतात. तांब्याची निदान ६ चौरस मिलिमीटर, आणि अंतर लांब असेल वा नळी उन्हात तापत असेल तर १०. मीटरच जादा प्रवाह दाखवीत असेल, तर त्या लाइनवर दुसरे काही जोडलेले आहे किंवा पेटीची मर्यादा चुकीची ठेवली आहे. आणि मीटर योग्य प्रवाह दाखवीत असता पेटी मात्र अतिप्रवाहाची हाकाटी करीत असेल, तर पेटीतला मोजणारा भाग बिघडला असण्याचा संभव आहे. तेथे वायरमनने काही न करता कंपनीचा कारागीर बोलवावा.

गृहस्थास स्वतः करण्याजोगी एक सोपी परीक्षा आहे. मोटारीच्या पडद्यावरून वा पेटीच्या ॲपमधून प्रवाहाची मर्यादा कमी करावी. ३२ ची १६, किंवा १६ ची १०. त्यानंतर खटका पडणे थांबले तर दोष भाराचा वा उष्णतेचा. तरीही लगेच पडला तर दोष शॉर्टचा वा यंत्राचा. पुष्कळ घरांत ही परीक्षाच उपायही ठरते. १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॉट, आठ तासांत १८ युनिट. लहान मोटार एका युनिटात साधारण ६-७ किलोमीटर जाते. म्हणजे शंभर किलोमीटरची बेगमी रात्रीत होते. रोज कॅम्पात जाऊन येणाराला याहून काय अधिक हवे? मात्र मर्यादा कमी केली म्हणून सैल स्क्रू घट्ट होत नाही. तपासणी करून घ्यावीच.

कमी दाबाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुचाकीचे पुष्कळ चार्जर ठराविक वॉट घेणारे असतात. दाब कमी झाला की ते प्रवाह वाढवून भरपाई करतात. ७५० वॉटचा चार्जर २३० व्होल्टला सव्वातीन अँपिअर घेतो, तर १८० व्होल्टला चारहून अधिक. संध्याकाळी दाब उतरतो तेव्हाच खटका पडत असेल, तर वायरमनकडून दाबही मोजून घ्यावा.

तिसरा प्रश्न, आणखी काय चालू होते? याचे महत्त्व एका घरच्या हकीकतीवरून सांगतो. घर आमच्या परिचयाचे. नाव सांगण्याचे कारण नाही. जुन्या गल्लीतले, लाकडी माळ्याचे. मुलाने मोटार घेतली, आणि रात्री अकराला ती पडवीतल्या सॉकेटवर लावू लागला. रात्रभर काही होत नसे. पहाटे सहाच्या सुमारास १६ अँपिअरचा खटका पडे. मोटारीतच दोष आहे असे सर्वांचे मत झाले. कोणी तरी येऊन ३२ चा खटका बसवून गेला. पडणे थांबले, घरात समाधान झाले. पुढे तीन-चार आठवड्यांनी पहाटे आजीबाईंना जळका वास आला. त्यांनी सर्वांस उठविले, मेन स्विच बंद केला, म्हणून निभावले. माळ्यावरच्या जोडडबीत तारेचे वेष्टन कोळसा झाले होते आणि शेजारच्या तुळईवर काळा डाग पडला होता.

कारण काय? पहाटे साडेपाचला आजोबांच्या आंघोळीसाठी गिझर लागत असे, आणि गिझर व पडवीतले सॉकेट एकाच दीड चौरस मिलिमीटरच्या जुन्या तारेवर होते. मोटारीचे १४, गिझरचे ९, मिळून २३. सोळाला २३ म्हणजे जवळजवळ दीडपट. जुना खटका वीस-पंचवीस मिनिटांत पडत होता, तो अगदी बरोबर पडत होता. नव्या ३२ च्या खटक्याला २३ अँपिअर म्हणजे काहीच नव्हते. तो स्वस्थ बसला, आणि तार जळत राहिली. खटका पडण्याची वेळ आणि गिझर लावण्याची वेळ कोणी शेजारी-शेजारी लिहिली असती, तर कारण पहिल्याच दिवशी सापडले असते. पुढे परवानाधारक वायरमनने मेन बोर्डापासून मोटारीसाठी ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन ओढली. तिला २० अँपिअरचा खटका व ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. दिला, आणि अर्थिंग तपासून घेतले. तेव्हापासून त्या घरी खटका पडलेला नाही.

यावरून काही नियम सांगतो. गृहिणींनी ते विशेष लक्षात घ्यावेत, कारण घरातला जळका वास प्रथम त्यांनाच कळतो.

खटका पडला तर मोटारीची जोडणी काढून तो एकदाच उचलावा. पुन्हा पडला तर वायरमन येईपर्यंत तसाच राहू द्यावा. चार्जिंग तासभर झाल्यावर ते बंद करून प्लगला बाहेरून हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल, किंवा सॉकेट पिवळे-काळे पडले असेल, तर त्या सॉकेटवर गाडी लावू नये. एक्स्टेन्शन बोर्ड व मल्टिप्लग मोटारीसाठी पूर्ण वर्ज्य. तिसरी, अर्थिंगची पिन कोणी काढून टाकू नये. बोर्ड उघडणे, स्क्रू आवळणे ही कामे परवानाधारकाची आहेत. ती मेन बंद करूनच होतात. ७.४ किलोवॉटची पेटी बसविण्यापूर्वी विजेच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते वाचावे, आणि तो अपुरा असेल तर वाढवून घेण्याचा अर्ज आधी करावा. आणि वायरमनला बोलावताना नुसते "ट्रिप होते" असे न सांगता वर सांगितलेल्या तीन उत्तरांचा कागद त्याच्या हाती द्यावा. त्याचे अर्धे काम तेथेच होते.

शेवटी विश्वस्त मंडळींस एक विनंती. आपल्या सभागृहात लग्नकार्य असले की पाहुणे अंगणातल्या सॉकेटवर गाड्या लावतात, आणि त्याच लाइनवर मांडवाची रोषणाई असते. तेथे गाड्यांसाठी स्वतंत्र लाइन घ्यावी आणि ती होईपर्यंत त्या सॉकेटवर मोटार लावण्यास मनाई असावी. दुसरे असे की, आपल्या समाजातील कित्येक तरुण भाड्याच्या एका खोलीत राहतात आणि विजेच्या दुचाकीवर सामान पोचवून पोट भरतात. त्यांची गाडी उशापाशी चार्ज होते, आणि खोलीचे वायरिंग त्यांच्या जन्मापूर्वीचे असते. तपासणीसाठी पैसे खर्च करणे त्यांना जड जाते. ट्रस्ट आजवर वह्या-पुस्तकांना आणि औषधपाण्याला मदत करीत आला आहे. अशा खोल्यांची परवानाधारकाकडून एकदा तपासणी करून देणे आणि एक चांगला क्लँप मीटर कार्यालयात ठेवणे, हेही त्याच मदतीत मोडते असे आम्हांस वाटते. मुलांना तीन प्रश्नांचा कागद कसा लिहावा हे शिकविण्याचे काम आम्ही शाळेच्या सुटीत आनंदाने करू.